देवीचं तोंड

तुझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडी आईबापांच्याही आधी एक नाव येतं. वत्सला पुंडकर. आमच्या चित्रकलेच्या बाई. हे आईला माहीत आहे आणि ते तिला आवडत नाही. आमच्या घरात ते नाव अजूनही मोठ्यानं घेत नाहीत. तरी मी आज जो कुणी आहे, एका शाळेत चित्रकला शिकवतो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून पाहुणेमंडळीत मला जरा पुढं बसवतात, ते सगळं त्या एका बाईंमुळे. म्हणून लिहिणं भाग आहे.

आमचं गाव मेडशीच्या अलीकडं, फाट्यावरून आत. बाबांची नाल्याकाठी भाजीपाल्याची बागायत. वांगी, कोथिंबीर, हंगामात मेथी. बाकी गाव सोयाबीन आणि तुरीचं. बाई शाळेत बदलून आल्या तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, चालताना कुणाकडं न पाहणाऱ्या. उजव्या हाताची बोटं कायम काळी, म्हणून जेवायच्या चमच्यानं. गावातल्या बायांनी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली. बाई, मालक कुठं असतात?

"अकोल्याले."

"मंग तुमी इथं एकट्याच?"

"ते तिथं हायेत, मी इथं हाये. दोघायची तब्येत चांगली हाये."

त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

शाळेला रंग, कागद यायचे ते नावापुरते. बाई कोळसा स्वतः करायच्या. तुरीच्या शेंगा झोडून झाल्या की तुराट्या घेऊन यायच्या, त्यांची साल काढून बोटाएवढे तुकडे करायच्या आणि डालड्याच्या जुन्या डब्यात गच्च भरायच्या. झाकणाला एक बारीक भोक, बाकी सगळं मातीनं लिंपून बंद. मग डबा चुलीत. भोकातून धूर यायचा थांबला की डबा बाहेर काढून ठेवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एकदा वर्गातल्या एका मुलानं घाईनं झाकण उघडलं. आतल्या कांड्यांनी हवा लागताच पेट घेतला आणि बघता बघता राख झाली. बाईंनी ती राख थंड होऊ दिली, मुठीत घेतली, आणि त्याच्या वहीच्या प्रत्येक पानावर थोडी थोडी पसरली. "आता याच्यावर अभ्यास कर," म्हणाल्या.

अशा होत्या. त्यांना प्रेमळ म्हणणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

पहिल्या तासाला त्यांनी आम्हाला सांगितलं, आपापल्या आईचं तोंड काढा. आठवून काढा. कुणालाच येईना. नाक काढावं तर ते कुणाचंही नाक व्हायचं. बाई रांगेतून फिरत होत्या. "जिच्या हातचं दोन टाइम गिळता तिचं नाक कसं हाये ते माहीत नाही. घरी जाऊन आज मायकडं पाहा. ताटाकडं नाही, मायकडं."

मी त्या संध्याकाळी आईकडं पाहत बसलो. ती म्हणाली, काय झालं रे, ताप आला काय? दुसऱ्या दिवशी मी काढलेलं चित्र मला स्वतःला फार आवडलं होतं. आई हसते आहे, दात ओळीनं पांढरेशुभ्र. बाईंनी ते हातात धरलं.

"तुह्या मायचा समोरचा दात पडेल हाये. काल बाजारात पाह्यला मी. इथं कुठून आला? तुह्या बापानं बसवून देल्ला काय?"

वर्ग हसला. बाईंनी तळहातानं ते दात पुसून टाकले, सगळं तोंडच फरफटलं, आणि तोच काळा हात माझ्या गालावर ठेवून सावकाश खाली ओढला. घंटा होईपर्यंत धुवायचं नाही. ही त्यांची शिक्षा. जो खोटी रेघ मारील त्याच्या गालावर बाईंचा पंजा. एकदा गावातल्या एका मोठ्या घरच्या मुलाच्या गालावर तो उमटला आणि त्याचा काका शाळेत भांडायला आला.

"बाई, पोराले मारलं काहून?"

"मारलं नाही. त्यानं खोटं काढलं होतं, ते मी हातानं पुसलं. मंग हात कुठं पुसू? लुगडं माह्य नवं हाये."

मुख्याध्यापकांनी त्यांना लेखी समज दिली. बाईंनी त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मुख्याध्यापकांचंच तोंड काढलं. हुबेहूब होतं, आणि त्यामुळे ते फार दुखावले.

आता देवीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे.

गावाबाहेर आमच्या देवीचं ठाणं आहे. देवी म्हणजे शेंदूर लावलेला गोल दगड, तांदळा. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. म्हणून आमच्याकडं जुनी रीत आहे. नवरात्रात तांदळ्यामागची भिंत चुन्यानं पांढरी करतात आणि तिच्यावर देवीचं तोंड काढतात. काढणं चालू असेपर्यंत समोर लुगड्याचा पडदा असतो. अष्टमीला सकाळी पडदा सरतो, बाया त्या तोंडाला हळदकुंकू लावतात, ओटी भरतात. दसऱ्याला ते तोंड ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. पूर्वी एक म्हातारी गेरूनं काढायची, दोन डोळे, एक रेघ नाक आणि भलं मोठं कुंकू. ती वारली आणि काम बाईंकडं आलं.

बाईंनी लुगडं गेरूनं रंगवलं, दागिने हळदीच्या पाण्यानं, पण तोंड मात्र कोळशानं. आणि ते कुणाचं तरी होतं. पहिल्या वर्षी पडदा सरला तेव्हा बाया पुढं सरकून पाहू लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, अव माय, ही तं गिरणीवाली. खरंच पिठाच्या गिरणीवाल्याची बायको होती. तेच जाड ओठ, कानामागं खोचलेले केस. पण एरवी तिच्याकडं कुणी दुसऱ्यांदा पाहत नसे आणि इथं तिच्यावरून नजर हलत नव्हती. तेव्हापासून दरवर्षी गावाला उत्सुकता, यंदा कुणाचं तोंड. बाई कुणाला सांगत नसत.

दर मंगळवारी त्या ठाण्यावर जायच्या. तांदळ्यासमोर मांडी घालून, मांडीवर कागद घेऊन बसायच्या. तिथले भगत, महादूबुवा, त्यांना एकदा म्हणाले, "बाई, एवढ्या येता, एकडाव हात तं जोडा."

"हात जोडले तं काढू कायनं?"

महादूबुवांनी हे गावभर सांगितलं. काहींना ते फार आवडलं, काहींना उद्धटपणा वाटला. मला वाटतं, बाईंच्या अंगात जेवढा देव होता तेवढा सगळा त्या एका वाक्यात आला होता. देवीनं एकेका बाईचं तोंड बसून घडवलं आहे, असं त्या म्हणायच्या. आपण फक्त नीट पाहायचं. त्यात भर घालायची नाही आणि लपवायचंही नाही.

एका वर्षी त्यांनी गिरजाबाईचं तोंड काढलं. गिरजाबाई तरुणपणीच विधवा झालेली, हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. अष्टमीला पडदा सरला आणि साऱ्या सवाष्णी कुंकवाची कोयरी हातात घेऊन उभ्या राहिल्या. देवी तर आहे, लावायला तर हवं. शेवटी एकीनं लावलं, मग सगळ्यांनी. गिरजाबाई मागं भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्याच कपाळावर गाव कुंकू लावत होतं. पुढं कितीतरी दिवस लोक बाईंचं कौतुक करत होते. गिरजाबाई पुढच्या अष्टमीला लेकीकडं निघून गेली. तिला काय वाटलं, ते कुणी तिला विचारल्याचं मला आठवत नाही.

मी दहावी झालो तेव्हा बाबांनी मला बागायतीत घ्यायचं ठरवलं होतं. बाई घरी आल्या. बसल्या नाहीत.

"पोट्ट्याले शिकू द्या. बारावी झाली की अमरावतीले चित्रकलेच्या कॉलेजात पाठवा."

बाबा म्हणाले, "चित्र काढून पोट भरते काय बाई?"

"तुमच्या बागाईतीत हा काय करन? काल पाह्यलं मी. याच्या हातचा वाफा वाकडा, पाणी तिसरीकडंच चाललं. तुमचं नुसकान होऊन राह्यलं, मले द्या."

बाबांना राग आला, पण ते खरं होतं. बारावीनंतर प्रवेश परीक्षेला मला अमरावतीला बाईंनीच नेलं. एसटीत त्या एकच वाक्य बोलल्या. "ओकारी आली तं खिडकीतून कर, माह्या अंगावर नको." तिथं आपल्या जुन्या मैत्रिणीच्या घरी माझी राहायची सोय करून त्या त्याच दिवशी परतल्या. जाताना ना डोक्यावर हात, ना आशीर्वाद. पण पुढं कॉलेजात माझे मित्र जेव्हा माणसाच्या तोंडावर सावली कुठं टाकावी म्हणून अडायचे तेव्हा मला अडायला व्हायचं नाही. बाईंचं एक सांगणं पक्कं बसलं होतं. "काळं काढता येते. पांढरं काढता येत नाही, ते ठेवा लागते."

माझ्या मोठ्या बहिणीला मी इथं रंजूताई म्हणतो. खरं नाव वेगळं आहे.

ताई दहावीत असताना तिच्या कोपरावर पांढरा डाग उठला. मग मानेवर. मग डाव्या पापणीवर आणि ओठाच्या कडेला. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोड आहे, लागत नाही, दुखत नाही, घाबरू नका. ते खरंच होतं. पण लग्न जुळवताना डॉक्टरांना कुणी विचारत नाही. दोन स्थळं बातमी कानावर गेल्यावर आलीच नाहीत. तेव्हापासून आईनं पद्धत बसवली. लांब बाह्यांचे ब्लाउज, गळ्याभोवती ओढणी, आणि ताईच्या रंगाला जुळेल अशी पावडर दोनतीन डब्यांतून मिसळून तयार केलेली. आई रोज सकाळी ताईला समोर बसवून ती लावायची. भिंतीला पोतेरं द्यावं तसं, न बोलता.

मग धनजचं स्थळ आलं. घरची शेती, मुलाचं खताबियाण्याचं दुकान. पाहायला आले ते दिवेलागणीला, आईनं तशीच वेळ साधली होती. मुलगी पसंत पडली. साखरपुडा झाला. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायची होती. डागांचं कुणीही सांगितलं नव्हतं. बाबा एकदा म्हणाले, सांगून देऊ काय? आई म्हणाली, "एकडाव माळ पडली की कोन काय करते? दोघं समजून घेतीन." ताईला तो मुलगा आवडला होता. फोनवर बोलताना ती आवाज बारीक करायची आणि बागायतीच्या टोकापर्यंत चालत जायची.

चूक झाली ती इथं, आणि ती आमच्याच गावची माणसं करू शकतात. आईला वाटलं, यंदा देवीचं तोंड रंजूचं निघालं तर? अष्टमीला धनजची मंडळी ओटी भरायला येणारच होती. सून देवीच्या भिंतीवर दिसली तर तिचं वजन वाढेल, आणि उद्या डाग कळलेच तरी देवीच्या तोंडाला कोण नाव ठेवील? म्हणून ती स्वतः बाईंकडं गेली. आजवर कुणी असं मागायला गेलं नव्हतं.

"बाई, तुमी गिरजीचं काढलं, गिरणीवालीचं काढलं. माह्या रंजूचं काढा."

बाई सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "रंजूचं काढाच्या मनात माह्या दोन साल झाले हाये."

आई हरखली. "फक्त ते डाग तेवढे—"

"मी जे दिसते ते काढीन."

आईला वाटलं, बोलायची पद्धत आहे. ती नारळ ठेवून घरी आली.

ताई रोज दुपारी बाईंच्या खोलीवर जाऊ लागली. पहिल्या दिवशी बाईंनी तिला दारातच थांबवलं. "आधी तोंड धू." ताईनं धुतलं. बाहेरच्या माणसासमोर बिनपावडरीचं तोंड घेऊन बसायची तिची पहिलीच वेळ. बाई कडक. मान हलवू नको, थुंकी गिळू नको, हसशील तर उठून जा. पण ताईनं मला नंतर सांगितलं, तिथून निघताना पुन्हा पावडर लावायचा तिला कंटाळा यायचा. एक दिवस तर ती तशीच, ओढणी न घेता, शाळेच्या मागच्या वाटेनं घरी आली. आईनं तिला घरात ओढून दार लावलं.

अष्टमीला मी सुटीवर आलेलो होतो. धनजहून गाडी आली. मुलाची आई, मावशी, आणखी दोन बाया. मुलगा दुकानामुळं आला नव्हता. मुलाची आई ठेंगणी, नीटनेटकी, बोलायला गोड. ताईच्या हाताला धरून तिनं तिला ठाण्यापर्यंत नेलं. आईचं लक्ष पडद्याकडं. महादूबुवांनी लुगडं सरकवलं.

मी तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होतो, चांगली चित्रं पाहिलेली होती. तरी सांगतो, तसं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही. ताई होती. मान किंचित कललेली, ओठ मिटलेले, आता काहीतरी विचारेल असे. आणि डाव्या पापणीवर, ओठाच्या कडेला, मानेवर बाईंनी कोळसा लावलाच नव्हता. भिंतीचा चुना तसाच ठेवला होता. सकाळच्या उन्हात बाकीचं तोंड सावलीत आणि तेवढ्या जागा उजळलेल्या. वाटत होतं उजेड बाहेरून पडलेला नाही, आतून येतो आहे.

गावातल्या बायांना डागांचं माहीतच होतं. त्या आईकडं पाहत होत्या, आई जमिनीकडं. मुलाच्या आईंनी पुढं होऊन देवीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला. सगळं रीतीनं. मग त्या वळल्या. ताईच्या हनुवटीला धरून तिचं तोंड उजेडाकडं फिरवलं. आपल्या पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं, आणि लहान लेकराचं तोंड पुसावं तशी ताईच्या पापणीवरची पावडर पुसली. मग ओठाजवळची. खाली चुन्यासारखं पांढरं निघालं. त्यांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा ताईकडं.

"देवी म्हणून पाया पडतो बापा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सून म्हणून नाई चालत."

त्यांनी पदर झटकला, त्यावर पावडर लागली होती. गाडीत जाऊन बसल्या. प्रसाद घेतला नाही.

ताई उभी होती तशीच. अर्धं तोंड पावडरीचं, अर्धं उघडं. मग ती एकटीच घराकडं चालू लागली. मी मागं निघालो तर तिनं हात मागं करून मला थांबवलं.

बाई पायऱ्यांवर बसल्या होत्या. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, माह्या लेकीचं वाटोळं केलं तुमी."

"मी?" बाईंनी वर पाहिलं. "खोटं झाकून पोरगी देऊन राह्यली होती तू. पाप माह्यावर कायले टाकते व?"

"तुमाले माहीत होतं. ते येनार हायेत हे माहीत होतं तुमाले."

"हाव. होतं."

त्या 'हाव' मध्ये ना पश्चात्ताप होता ना राग. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी, तसं. मी बाईंना किती वर्षं ओळखत होतो, पण त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली.

नवमीला सकाळी आणखी एक झालं. गावातल्या बाया पहाटेच येऊन गेल्या होत्या. आईची दया आली म्हणून म्हणा, देवीला वैगुण्य नको म्हणून म्हणा, त्यांनी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या जागा हळदीकुंकवानं लिंपून टाकल्या. पापणीवर हळदीचा जाड थर, ओठाच्या कडेला कुंकू, मानेवर दोन्ही. बाई आल्या, पाहिलं. महादूबुवांची घागर उचलली, आपल्या पदराचा बोळा केला आणि सगळं तोंड पुसायला लागल्या. महादूबुवा ओरडले, बाई, दसऱ्याआधी पुसू नये, गावाले वाईट. बाईंनी ऐकलं नाही. भिंतीवरून काळं, पिवळं, लाल पाणी तांदळ्यावर ओघळत राहिलं.

त्यानंतर गावानं त्यांना ठाण्यावर काढू दिलं नाही. आता दरवर्षी वाशीमहून फ्लेक्स छापून येतो. गोरीपान देवी, आणि खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो.

ताईला पुढं स्थळ आलं नाही. दोनेक वर्षांनी आईनं पावडरीचे डबे आणणं बंद केलं. ताई आठवडी बाजारात बाबांचं दुकान लावू लागली. बाई तिथं यायच्या, आणि भाजी फक्त तिच्याकडून घ्यायच्या. क्षमा वगैरे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

"वांगे किडके हायेत तुहे."

"मंग घेऊ नका," ताई म्हणाली. "काढून पाहा, तुमच्या हातून चांगले होतीन."

आजूबाजूचे हसले. बाईंनी वांगी पिशवीत घातली आणि गेल्या. पुढच्या बाजाराला पुन्हा आल्या.

निवृत्त झाल्यावर त्या वाशीमला राहायला गेल्या. स्टेशनच्या मागं एक खोली आहे. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. कंपवातानं दोन्ही हात थरथरतात. शेजारची एक मुलगी डबा आणून देते. भिंतींवर एकही चित्र नाही. मी पाया पडलो तर म्हणाल्या, जाडा झाला तू. माझ्या विद्यार्थ्यांची चित्रं दाखवली. त्यांनी एकेक पाहून बाजूला टाकली. "साऱ्यायच्या देव्या सारख्याच. तू गालाले काळं लावत नाही वाटते."

"आता तसं चालत नाही बाई."

"म्हणून."

चहा मीच केला. त्यांचा कप मी धरला आणि त्यांनी दोन घोट घेतले. मग विचारलं, "रंजू कशी हाये?"

"बरी आहे. लग्नाचं तर—"

"लगन नाही इचारलं मी. ते मले माहीत हाये. तोंड कसं हाये?"

"डाग पसरलेत. आता..."

"सांगू नको. सांगून दिसत नाही." त्यांनी डोळे मिटले. "एकडाव आण तिले."

"काढायचं आहे का बाई?"

"या हातानं? चहा धरवत नाही मले. पाह्यचं हाये."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितल्याची ही पहिली वेळ. मी म्हणालो, "तिला विचारतो."

"इचारू नको. घेऊन ये."

मी निघालो. त्या दारापर्यंत आल्या. कडी लावायचा प्रयत्न करत होत्या, हात थरथरल्यामुळं कडी कोंड्याला नुसतीच आपटत होती. मी मागं वळलो तर आतून म्हणाल्या, "जाय. तुही गाडी चुकन." कडीचा तो आवाज मला गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

त्या फोन घेत नाहीत. म्हणून मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारू नको म्हणाला होतात. पण मी ताईला विचारलं. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. आधी म्हणाली, बाईंची तब्येत कशी आहे. मी सांगितलं. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"मी तवा त्यायले इचारलं होतं. कागदावरचं माह्यं तोंड पाह्यलं अन् म्हनलं, बाई, हे असंच भित्तीवर येईन काय? तं त्या म्हनल्या, मान सरळ ठेव. मायनं नाही इचारलं, त्यायनं नाही इचारलं. चित्र चांगलं होतं. तसं मले कोनीच पाह्यलं नाही, ना आंधी ना मंग. पन मी येत नाही. त्यायले पाह्यचं असन तं बाजारात यावं, मी बसतोच."

तुम्हाला आता बाजारापर्यंत येणं होणार नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, माहीत आहे.

बाई, मी तिला आग्रह केला नाही आणि करणार नाही. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझा हात, सगळं तुमचं आहे. ते मी कुठंही, कुणापुढंही सांगतो. आईपुढंही सांगितलं आहे. पण ताई माझ्या देण्यातली नाही. तिला तुमच्याकडं आणणं माझ्या हातात नाही, आणि असतं तरी मी आणलं नसतं. हे तुम्हाला कठोर वाटेल. दुसरं कसं लिहावं ते मला सुचलं नाही.

तिचं तोंड आता कसं दिसतं, ते मी या पत्रात सविस्तर लिहिलं होतं. पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं तेवढा भाग काढून टाकायला सांगितलं, म्हणून हे पुन्हा लिहिलं आहे.

दिवाळीच्या सुटीत मी वाशीमला येईन. एकटाच येईन.

आपला विद्यार्थी,
प्रकाश